पोलादावर गोळी झाडण्याआधी: टेक्सासमधल्या मराठी मंडळांना आणि रँचवर जाणाऱ्या मित्रांना खुले पत्र

प्रति,
टेक्सासमधील मराठी मंडळांचे पदाधिकारी, तसेच शनिवार-रविवारी मित्राच्या रँचवर रायफल घेऊन जाणारी सर्व मराठी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींत रायफल घेणारे डोळ्यांत भरण्याइतके वाढले आहेत. ग्रीन कार्ड हातात पडलं, उपनगरात घर झालं, ओळखीतल्या कुणीतरी गावाबाहेर थोडी जमीन घेतली, की आधी एखादी .22 (लहान, हलक्या काडतुसाची रायफल), पाठोपाठ अर्ध-स्वयंचलित एआर-15 आणि मग ऑनलाइन मागवलेली एक-दोन पोलादी टार्गेट्स हे ओघानंच येतं. आता तर सहलींच्या निमंत्रणांतही जेवण आणि अंताक्षरीच्या जोडीला 'स्टील शूटिंग', म्हणजे पोलादी प्लेटवर नेमबाजी, असं लिहिलेलं दिसतं. मी एका क्लबात रेंज सेफ्टी ऑफिसर, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर सुरक्षिततेची देखरेख करणारा, म्हणून काम करतो आणि स्टीलची बाजू माझ्याकडे असते. मला हा प्रकार मनापासून आवडतो, त्यामुळे हे पत्र 'बंद करा' असं सांगणाऱ्याचं नाही. हे नीट आणि जाणतेपणानं व्हावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

लिहिण्याचं निमित्त म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक फोटो. मेस्किटच्या झाडाच्या फांदीला साखळीनं टांगलेली प्लेट, तिच्यापासून जेमतेम पंचवीस-तीस पावलांवर एआर-15 खांद्याला लावलेला गृहस्थ, आणि प्लेटच्या जरा पुढे, एका बाजूला, उघड्या डोळ्यांनी मजा बघणारी तीन पोरं. मागे मातीचा बांध नाही, नुसतं वाळलेलं गवत आणि आभाळ. फोटोखाली कौतुकाची रांग लागली होती. एकानंही 'अरे, पोरं कुठे उभी आहेत बघा' असं लिहिलं नव्हतं. त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगण्याचं काम तुमचं-माझं आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची बंदुकीशी पहिली ओळख एनसीसीत झाली. कॉलेजात असताना .22 रायफल, पोटावर पडून नेम, 25 यार्डांवरचा कागद, बाजूला लाल बावटा, आणि सुभेदारसाहेबांचा आवाज. अंजली भागवत एनसीसीतूनच रायफलीकडे आल्या आणि 2000 साली सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं, तेव्हा इथे पहाटे उठून किती जणांनी ते पाहिलं! ही परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण ती सगळी कागदाची आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटची परंपरा आहे. तिथे गोळी आरपार जाते आणि मागच्या बांधात किंवा सापळ्यात रुतते. नेमबाजाकडे काही परत येत नाही, म्हणून टार्गेट कसलं आहे, कुठल्या कोनात आहे, त्यावर खळगा पडलाय का, हा विचार करण्याची सवयच आपल्याला लागलेली नसते. आणि पोलादाच्या बाबतीत नेमका तोच विचार पहिला करावा लागतो.

पोलादावर गोळी संपत नाही, फुटते. आतून शिसं आणि वरून तांब्याचं वेष्टन असलेली गोळी कठीण, सपाट प्लेटवर आदळली की जागच्या जागी तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे प्लेटच्या तोंडालगत चहूबाजूंनी सुटतात. नळाची धार उपड्या ताटावर सोडली की पाणी जसं कडेकडेनं फाकतं, तसं. प्लेट चांगली असेल तर बहुतेक ठिकऱ्या तिच्या पृष्ठभागापासून साधारण 20 अंशांच्या आत राहतात. म्हणजे प्लेटच्या बरोबर समोर, पुरेशा लांब उभा असलेला नेमबाज तुलनेनं सुरक्षित, आणि प्लेटच्या बाजूला, तिच्या रेषेत किंवा जरा पुढे उभा असलेला प्रेक्षक सगळ्यात धोक्यात. फोटोतली पोरं नेमकी तिथेच होती.

हे ज्याला पटत नाही त्याला मी आमच्या क्लबातले लाकडी खांब दाखवतो. प्लेट ज्या दोन उभ्या टू-बाय-फोरच्या (लाकडी चौकटी फळ्यांच्या) मध्ये लटकते, त्यांच्या आतल्या बाजूला, प्लेटच्या तोंडाच्या अगदी रेषेत, एक उभी खाच पडत जाते. काही आठवडे सतत वापर झाला की ती इतकी खोल आणि सरळ होते, की इथे करवत कुणी चालवली, असं नवखे लोक विचारतात. हातमोजा घालून बोट फिरवलं की आत राखाडी शिशाचा चुरा आणि वेष्टनाचे वळलेले, धारदार चिलके लागतात. शेवटी खांब तिथूनच मोडतो. लाकडाची ही गत होते, मग डोळ्याची काय होईल ते वेगळं सांगायला नको.

ही सगळी गणितं प्लेट सपाट आणि कठीण आहे असं धरून मांडलेली आहेत. म्हणून प्लेटबद्दल जरा सविस्तर लिहितो.

रायफलसाठी एआर500 या जातीचं किंवा त्याहून कठीण पोलादच वापरायचं. त्यातले 500 म्हणजे ब्रिनेल या मापावरचा कठीणपणा, साधारण तेवढा. बांधकामात वापरतात त्या साध्या पोलादाचा कठीणपणा याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. 'रँचवर लोखंडाची जाड पत्री पडली होती, तीच टांगली' असं सांगणारे मला अनेक भेटतात, आणि जाडी दाखवून ते माझी समजूत काढायला बघतात. पण इथे प्रश्न जाडीचा नाही. मऊ पोलादात रायफलची गोळी खळगा पाडते. पुढची गोळी त्या खळग्यात शिरली, की ठिकऱ्या कडेनं निघून जाण्याऐवजी खळग्याच्या काठावरून वळतात आणि समोर फेकल्या जातात. त्या कुठे वळतील याचा अंदाज कुणालाही बांधता येत नाही, मलाही नाही. नेमबाजाच्या गालात, हनुवटीत किंवा हातात घुसलेले तांब्याचे चिलके मी पाहिले आहेत, आणि अशा वेळी टार्गेटकडे जाऊन बघितलं की बहुतेकदा एकतर साधं लोखंड सापडतं, नाहीतर खड्डे पडलेली जुनी प्लेट.

म्हणजे एआर500 घेतली की झालं, असंही नाही. ती सुद्धा खराब होते. जरा उन्हात धरून तिरप्या नजरेनं तिच्यावर पाहा. शंका वाटली तर सरळ पट्टी लावून बघा. शिशाचा राखाडी डाग नखानं खरवडला की निघतो, तो चालतो. बोटाला काठ लागणारा खळगा, तडा, किंवा मधोमध आत दबलेली प्लेट चालत नाही. अशी प्लेट भंगारात द्या. ती हातोड्यानं ठोकून सरळ करू नका, खळगा वेल्डिंगनं भरू नका, आणि टांगायला नवं भोक हवं म्हणून गॅस कटर लावू नका. एआर500चा कठीणपणा उष्णतेच्या संस्कारातून आलेला असतो आणि उष्णतेनंच तो जातो. भोकाभोवतीचा पट्टा मऊ पडतो, आणि तिथे बसलेली पुढची गोळी खळगा करते. दुसऱ्याची वापरलेली प्लेट स्वस्तात मिळते तेव्हा तिच्या मागे असा काही इतिहास आहे का, ते आधी विचारा. रंगाचा ताजा थर फार काही झाकतो.

आता अंतर. रायफलसाठी 100 यार्ड, त्याच्या आत नाही. यामागचं कारण समजलं की नियम पाळावासा वाटतो. एआर500वर साधारण 3,000 फूट प्रति सेकंदाच्या वर वेगानं गोळी आदळली की तिच्यावरही खळगे पडू लागतात. एआर-15च्या नेहमीच्या .223 काडतुसाची 55 ग्रेन वजनाची गोळी लांब नळीतून सुमारे 3,240 फूट प्रति सेकंदानं सुटते. 100 यार्डांपर्यंत तिचा वेग 2,750च्या आसपास उतरतो. म्हणजे तीच प्लेट, तीच रायफल, तीच गोळी. जवळून झाडली तर प्लेटची नासाडी आणि नेमबाजाला धोका, लांबून झाडली तर दोन्ही शाबूत. .22-250सारखी काडतुसं याहून बरीच वेगवान असतात आणि .300 विन मॅगसारखी मॅग्नम याहून बरीच जोरकस. त्यांच्यासाठी 200 यार्ड किंवा त्याहून जास्त अंतर, आणि तीन अष्टमांश इंचाऐवजी अर्धा इंच जाडीची प्लेट. प्लेट विकणाऱ्यानं दिलेलं किमान अंतर याहून जास्त असेल तर ते धरायचं. आणि हे अंतर पावलांनी मोजू नका. शिकारीच्या दुकानात लेसर रेंजफाइंडर मिळतो, मंडळात एखाद्याकडे गोल्फचा असतोच, तोही चालतो.

.22चा मामला वेगळा. साधी शिशाची .22 गोळी मऊ आणि संथ असते, तिच्यासाठी एवढं अंतर लागत नाही. तरी आमच्याकडे 25 यार्डांच्या आत कुणाला येऊ देत नाही. मात्र रेंजवर एका ओळीत एक .22वाला आणि एक एआरवाला असेल, तर दोघांच्या प्लेट्स वेगवेगळ्या अंतरावर लागतात. उत्साहाच्या भरात एआरवाला जवळच्या प्लेटवर नेम धरतो. हे फार सहज घडतं. म्हणून दोन्ही प्रकार एका वेळी ठेवूच नका. आधी .22 संपवा, जवळच्या प्लेट्स काढून ठेवा, मग मोठ्या रायफली बाहेर काढा.

गोळी कुठली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. एआर-15मध्ये चालणारी, हिरव्या टोकाची एम855 ही लष्करी बनावटीची गोळी स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण घेतात. तिच्या आत पोलादाचं टोक असतं, ती कठीण प्लेटचीही खराबी करते आणि तिचे तुकडे शिशासारखे चुरा होत नाहीत. काही आयात काडतुसांत वेष्टन तांब्यासारखं दिसतं, पण आतून पोलादी असतं. त्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवायचं. तो गोळीच्या टोकाला लावून बघायचा, काडतुसाच्या पितळी किंवा लोखंडी पुंगळीला नाही. टोकाला चिकटला, तर ते खोकं परत गाडीत. यात वाद घालायचा नाही. 'पण माझी पूर्वी चालली होती' असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे सांगतो, की आज नाही चालणार.

प्लेट टांगताना ती नेमबाजाकडे किंचित झुकलेली असावी, म्हणजे वरची कड पुढे आणि खालची मागे, साधारण 20 अंश. त्यामुळे ठिकऱ्यांचा मोठा भाग जमिनीकडे जातो. प्लेट साखळीला किंवा जाड रबरी पट्ट्याला मोकळी लटकू द्या, म्हणजे आघातानं ती मागे जाते आणि जोर जिरतो. घट्ट रोवलेली प्लेट तेवढाच जोर उलट देते. नट-बोल्टचं चौकोनी डोकं नेमबाजाकडे येऊ देऊ नका, त्यावर बसलेली गोळी कुठेही उडते. गोल डोक्याचे बोल्ट त्यासाठीच असतात. आणि झाडाला प्लेट टांगू नका. झाडाचंही नुकसान आणि तुमचंही.

प्लेटखालची जमीन पाहायला लोक विसरतात. हिल कंट्रीत तर माती कमी आणि चुनखडीचे दगड जास्त. ठिकऱ्या खाली वळवायच्या आणि खाली दगड ठेवायचे, तर काय साधलं? फावड्यानं दगड बाजूला करा, तिथे भुसभुशीत माती टाका. मागच्या बांधाचंही तेच. बांध प्लेटहून उंच आणि रुंद हवा, मऊ मातीचा हवा, आणि नेम चुकलेल्या प्रत्येक गोळीला त्यात जागा हवी, कारण नवख्या माणसाच्या गोळ्या चुकणारच. .22च्या खोक्यावर सव्वा ते दीड मैलाचा पल्ला छापलेला असतो; .308सारख्या मोठ्या रायफलची गोळी त्याच्या कितीतरी पुढे जाते. शेजारच्या रँचवर गुरं आहेत, घर आहे, रस्ता आहे. टेकडी दिसते म्हणून बांध आहे असं धरू नका. टेकडीवर दगड असतील तर गोळी तिथूनही उसळते.

डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या हवा. नेमबाजाच्या, पाळीची वाट बघणाऱ्याच्या, फोटो काढणाऱ्याच्या, आणि तंबूत पोहे वाढणाऱ्या काकूंच्याही, त्या जर रेंजच्या आवाराच्या आत असतील तर. चष्म्याच्या काडीवर 'झेड87' (Z87) ही आघातापासून संरक्षणाची खूण कोरलेली आहे का ते पाहा. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. त्यावरून बसणारे सेफ्टी गॉगल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि अगदी स्वस्त असतात. टोपी आणि बंद गळ्याचा शर्ट घाला. गरम तांबं कॉलरमध्ये शिरलं, की हातात भरलेली रायफल आहे हे माणूस क्षणभर विसरतो. कानांसाठी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. नळीच्या टोकाला मझल ब्रेक (धक्का कमी करण्यासाठी वायू बाजूला सोडणारा तुकडा) असेल तर शेजाऱ्याला दुप्पट त्रास होतो, त्याला ओळीच्या कडेला जागा द्या.

मुलांसाठी 'निरुपद्रवी' म्हणून जी बीबी गन आणली जाते, तिच्याविषयी मला विशेष सांगायचं आहे. बीबीचे बारीक छर्रे पोलादाचे असतात, वरून तांब्याचा मुलामा. ते फुटत नाहीत. पोलादावर मारले की जसेच्या तसे उलट येतात, आणि पोरं तर दहा पावलांवर उभी असतात. पोलादी टार्गेट आणि बीबी गन यांची गाठ कधीही घालून देऊ नका. मुलांना कागद द्या, पुठ्ठ्याचं खोकं द्या, मागे गवताची पेंढी ठेवा. एवढं एक वाक्य जरी प्रत्येक मंडळानं आपल्या निमंत्रणात छापलं, तरी मला समाधान वाटेल.

आगीबद्दल लिहायला हवं, कारण आपल्या सहली दसरा-दिवाळीच्या सुमारास होतात आणि तेव्हा इथलं गवत कित्येकदा कोरडं ठणठणीत असतं. अमेरिकेच्या वनखात्यानं 2013 साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. पोलादी प्लेटवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून त्यांचे तुकडे वाळलेल्या सेंद्रिय मातीत पाडले. पोलादाचा अंश असलेल्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनी आग लागते, हे त्यातून स्पष्ट झालं. युटामध्ये 2012च्या जूनमध्ये साराटोगा स्प्रिंग्जजवळ नेमबाजांमुळे लागलेल्या आगीनं हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर पाच वर्षांनी अ‍ॅरिझोनात एकानं होणाऱ्या बाळाचं लिंग जाहीर करण्यासाठी स्फोटक टार्गेटवर रायफल झाडली. सुमारे 47,000 एकर जळालं आणि त्याला 80 लाख डॉलरहून जास्त भरपाई कबूल करावी लागली. म्हणून रंगीत धुराची, स्फोटाची टार्गेट्स आपल्या कार्यक्रमात नकोतच. काउंटीनं बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) लावला असेल किंवा वारा सुटला असेल, तर मी स्टील काढतच नाही. इतर दिवशीही प्लेटखालचं गवत उपटून जागा मोकळी करतो, पाण्याचे कॅन आणि फावडी हाताशी ठेवतो, आणि शेवटच्या गोळीनंतर निदान अर्धा तास तिथून हलत नाही. धुमसतं गवत लगेच दिसत नाही.

शिशाचं थोडक्यात. प्लेटखाली जमा होणारी राखाडी पूड विषारी आहे. लहान मुलांनी 'खजिना' म्हणून चिलके गोळा करायचे नाहीत. जेवणाचं टेबल रेंजपासून लांब ठेवा, हात साबणानं धुतल्याशिवाय कुणीही ताटाला हात लावायचा नाही, आणि त्या कपड्यांनी घरातल्या बाळाला उचलून घ्यायचं नाही. मुलांच्या रक्तातलं शिसं 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असलं तरी इथलं आरोग्यखातं आता त्याकडे लक्ष द्यायला सांगतं. ती मर्यादा फार बारीक आहे.

आता शिस्तीचा भाग. 300 यार्डांवरच्या प्लेटवर .308ची गोळी बसायला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा किंचित जास्त वेळ लागतो, आणि तिथून 'टण्ण' आवाज परत यायला आणखी पाऊण सेकंदाहून थोडा अधिक. मधला तो सेकंदभर सगळी ओळ श्वास रोखून असते. मग आवाज येतो, टाळ्या पडतात, लोक मागे वळतात, मित्राला टाळी द्यायला हात पुढे करतात. स्टीलची सगळी गोडी त्या आवाजात आहे, आणि रायफलीची नळी भलतीकडे वळते तीही त्याच घटकेला. म्हणून एकच माणूस ओळीचा मालक असला पाहिजे. तो स्वतः गोळी झाडणार नाही, फोटो काढणार नाही, फोन घेणार नाही. त्यानं 'रेंज हॉट', म्हणजे आता झाडायला मोकळीक, असं म्हटल्यावरच रायफलीला हात लावायचा. 'सीझ फायर', म्हणजे गोळीबार थांबवा, असं मात्र कुणीही ओरडू शकतं, दहा वर्षांचं पोरही, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी बोट खटक्यावरून काढायचं. कारण नंतर विचारायचं. प्लेटला रंग मारायला पुढे जायचं असेल तर आधी सगळ्या रायफली रिकाम्या, बोल्ट मागे, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) ती रिकामी असल्याची झेंडी, टेबलावर ठेवलेल्या, आणि माणसं टेबलापासून दोन पावलं मागे. तेवढ्यात 'जरा दुर्बीण बघून घेतो' म्हणून टेबलाकडे जाणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचं, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

बिअर शेवटची गोळी झाडून रायफली कुलपात गेल्यावर. याला अपवाद नाही.

आणखी एक विषय, जो आपल्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. एच-1बी, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. मित्राची रायफल हातात घेऊन दोन गोळ्या झाडणं, हेही 'बाळगणं' ठरू शकतं. राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं यांसारखे काही अपवाद कायद्यातच दिलेले आहेत. पण ते माहीत नसताना 'ये रे, मार एक' असं म्हणून आपण एखाद्या तरुण मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याशी खेळतो. शिक्षा 15 वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला साधी नोंदही महागात पडते. मंडळांनी हे निमंत्रणातच स्वच्छ लिहावं आणि ज्याला प्रश्न असेल त्यानं आधी वकिलाला विचारावं. मात्र सगळ्यांसमोर कुणाचा व्हिसा विचारून त्याला अवघडून टाकू नका. प्रेक्षक म्हणून, गुण लिहिणारा म्हणून, दुर्बिणीतून नेम सांगणारा म्हणून त्याला मानानं सामावून घेता येतं. नेम सांगणं हे तर मोठं कौशल्य आहे.

पदाधिकाऱ्यांकडे माझी विनंती अशी आहे. या मोसमातल्या कुठल्याही सहलीत स्टील ठेवणार असाल, तर रेंज सेफ्टी ऑफिसरचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आधी मिळवा आणि मगच निमंत्रण छापा. असा माणूस तुमच्या मंडळातच असू शकतो; विचारून तर पाहा. नसेल, तर दोन-तीन उत्सुक सभासदांना ते प्रशिक्षण घ्यायला पाठवा आणि त्याचा खर्च मंडळानं उचलावा. गाण्याच्या कार्यक्रमाच्या ध्वनियंत्रणेवर आपण याहून कितीतरी जास्त खर्च करतो. प्रथमोपचाराच्या पेटीत टुर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) ठेवा आणि तो बांधता येणारी निदान दोन माणसं हजर असू द्या. रँचचा नेमका पत्ता आणि फाटक उघडायचा आकडा (कोड) कागदावर लिहून टेबलावर चिकटवा. रुग्णवाहिकेला 'त्या मोठ्या ओकच्या झाडापासून डावीकडे' असं सांगून ती पोचत नाही.

ज्यांना हे सगळं जुळवणं जड वाटतंय, त्यांच्यासाठी मी स्वतः यायला तयार आहे. प्लेट्स, साखळ्या, स्टँड, लोहचुंबक, रेंजफाइंडर आणि पाहुण्यांसाठी जादा चष्मे मी घेऊन येईन, मानधन नको. तुमच्याकडून मला तीन गोष्टी आधी हव्यात: जमीनमालकाची लेखी परवानगी, बांधाचे समोरून आणि बाजूनं काढलेले फोटो, आणि आदल्या आठवड्यात जागेवर जाऊन पाहणी करायची मुभा. पाहणीत बांध पुरेसा वाटला नाही, तर मी नाही म्हणेन, आणि मग त्या दिवशी आपण कागदावर .22 झाडू. तेही जमत नसेल तर जवळच्या क्लबात एका सकाळसाठी जागा आरक्षित करता येते. ती व्यवस्था मी बघतो, मंडळानं फक्त येणाऱ्यांची नावं पंधरा दिवस आधी कळवावीत.

आपला स्नेहांकित,
एक मराठी रेंज सेफ्टी ऑफिसर
टेक्सास